सगळीकडे चालणारं नाव

हॉटेलच्या तळघरात तो कपड्यांना इस्त्री करायचा. सगळे त्याला मामा म्हणत. वर देशोदेशीचे पाहुणे उतरत; खाली यायचे ते त्यांचे कपडे, पिशवीला नावाची चिठ्ठी लावून. मुलगी झाली तेव्हा मामाने त्या चिठ्ठ्यांमधलंच एक नाव उचललं. ते नाव कुठल्या कुठल्या मुलखांतल्या बायकांच्या पिशव्यांवर दिसायचं. चौकशी केली, तर एका भाषेत त्याचा अर्थ उजेड निघाला, दुसरीत एक लहान पक्षी. तिसरीत अर्थ काहीच नव्हता, पण घरटी एक आजी त्या नावाची.

"आपल्यात नाही हो कुणाचं असलं नाव," बायको म्हणाली.

"असू दे. कुठेही गेली तरी परकी वाटणार नाही."

मुलगी गेली खरी. परदेशी, लोकांची मुलं सांभाळायला. आधी दर रविवारी फोन यायचा, मग कधीमधी, मग नंबरच बंद. नेणाऱ्या एजंटाने हात वर केले. तिथल्या वकिलातीतला माणूस फोनवर म्हणाला, "लग्न करून आडनाव बदललं असेल, तर शोधायचं कसं? या नावाच्या इथे ढिगाने आहेत."

तेव्हापासून त्या नावाची पिशवी आली की कपडे घेऊन मामा स्वतः वर जाई.

"निघाले बघा, जावई बघायला!" धुणारे मागून ओरडत.

दार उघडायची ती दुसरीच कुणी. कधी सोनेरी केसांची, कधी काठी टेकत आलेली म्हातारी. कपडे देऊनही तो उभाच राही. घरी बायको ताट वाढताना विचारी, "होती?" पुढे तिने विचारणं सोडलं, नुसती तोंडाकडे बघायची.

शेवटी कुणीतरी तक्रार केली. "मामा, पुन्हा वर दिसलात तर कायमचे घरी बसाल," साहेब म्हणाला.

आज पुन्हा ते नाव आलं. मामाने पांढऱ्या शर्टावरून दोनदा इस्त्री फिरवली आणि तो कपडे पोचवणाऱ्या पोऱ्याच्या हातात दिला. पोऱ्या खाली येईपर्यंत मामाने दुसऱ्या कपड्याला हात लावला नाही.

"कशी होती रे?"

"बाईसारखी बाई. तुमची ओळखायची कशी, ते तर सांगा! दिसते कशी?"

मामाने तोंड उघडलं. डोळ्यांपुढे आली ती विमानतळावर मागे वळून बघणारी पोर. आणि तेव्हा तर मामाचेच केस काळे होते. आजची बाई काही केल्या दिसेना. त्याने नुसतं नाव सांगितलं.

"ते चिठ्ठीवर होतंच की," पोऱ्या म्हणाला आणि पुढची पिशवी उचलून गेला.