मावशीचं एकुलतं एक स्पॅनिश वाक्य

नागपूरहून सकाळच्या गाडीने निघाले तेव्हा बॅगेत चार साड्या आणि एक स्पॅनिशचं पुस्तक होतं. रायपूर नुकतंच छत्तीसगढची राजधानी झालेलं. चहाच्या टपरीपासून सलूनपर्यंत सगळ्यांच्या पाट्यांवर 'राजधानी' चढलं होतं. रस्ते मात्र खणलेलेच. समता कॉलनी येईपर्यंत ऑटोने माझी हाडं खिळखिळी केली.

मालतीमावशी दारातच उभी होती. तिचा मुलगा प्रशांत स्पेनमध्ये नोकरीला. तो आठ दिवसांनी स्पॅनिश बायको आणि पाच वर्षांच्या लुसीयाला घेऊन पहिल्यांदाच येणार होता. मी नागपुरात स्पॅनिश शिकवते, म्हणून मला बोलावणं.

"प्रशांत फोनवर म्हन्ते, मम्मी, हॅलो-थँक्यू शिकून घे, बस. अन् बासीचं नाव काढू नको त्यांच्यासमोर," मावशी तणतणली. "काहून? मले माह्या नातीले सांगाचं हाये, तिचा बाप लहानपणी कसा होता ते!"

बासी म्हणजे रात्री पाण्यात भिजवलेला भात. छत्तीसगढात उन्हाळ्यात सकाळी कांदा-मिरचीसोबत खातात. प्रशांत ती खाल्ल्याशिवाय शाळेत जायचा नाही, आणि आता साहेबाला लाज वाटत होती! माझंही डोकं फिरलं. म्हटलं, हॅलो-थँक्यू गेलं खड्ड्यात. मी तिला 'कोमीआ' (खायचा) शिकवलं. कांदा चिरताना, कपडे वाळत घालताना मावशी घोकायची. 'सी' (हो) म्हणायची वेळ आली की मात्र तोंडातून छत्तीसगढी 'हव'च यायचं. तो नाद मी सोडला.

पाहुणे आले. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रशांतने स्वतः टेबलावर टोस्ट-ऑम्लेट मांडलं. मावशी आतून बासीचं भांडं आणि अख्खा कांदा घेऊन आली आणि तिने भांडं त्याच्यापुढे आदळलं.

"लुसीया, तू पापा कोमीआ बासी. तोदोस लोस दीआस." (तुझे पप्पा रोज बासी खायचे.)

सून चमकली. लुसीयाने बापाला विचारलं, खरंच? प्रशांतचे कान लाल झाले.

"दीदी, ये क्या सिखा दिया मम्मी को?"

"खरं तेच," मी म्हटलं.

"लपवाले का चोरी केली होती?" मावशी जागची हलली नाही. "याच भातावर इंजिनीअर झाला तू. सांग तिले."

लुसीयाने पुन्हा विचारलं.

"हव," प्रशांत हळूच म्हणाला. मग त्याने कांदा टेबलावर ठेवला आणि मुठीने फोडला.

परतीच्या गाडीत मी एकटीच हसत होते. माझे विद्यार्थी परीक्षा पास होतात, व्हिसा मिळवतात; पण एका वाक्यासाठी पोटच्या पोरापुढे असं उभं राहिलेलं मी कुणी पाहिलं नव्हतं. या वयात कशाला शिकायचं, असं विचारणाऱ्यांनी रायपूरला जाऊन यावं.

घरात पाय ठेवला आणि फोन वाजला.

"अवं, 'तुमची नात बासी खाते' हे कसं म्हनाचं? स्पेनच्या विहीणबाई लाइनवर येऊन राहिल्या, लवकर सांग!"