पडवीतली चूल

प्रमोशनच्या फॉर्ममध्ये एक रकाना असतो: तुमचं संशोधन समाजापर्यंत कसं पोहोचलं? गेल्या आठवड्यात मीरा रोडच्या घरी बसून मी तो भरला. ‘चौक गावात सभा घेऊन निष्कर्ष मांडले. उत्तम प्रतिसाद.’ लिहून झालं आणि उठून उगाचच गॅस पुसत बसले.

मी सामाजिक धोरण शिकवते. गरीब देशांत म्हातारपणी माणसांचं काय होतं, पेन्शन कुणापर्यंत पोहोचते, हा माझा विषय. परदेशात जाऊन त्यावर बोलते, म्हणजे उंटावरून शेळ्या हाकते. पण माझ्या प्रकाशित लेखांच्या यादीत सगळ्यात वर असलेला लेख मात्र इथलाच, भाईंदर स्टेशनबाहेरून बस धरली की पोचावं इतक्या जवळचा.

त्या लेखात एक म्हातारी आहे. चौकला बोंबील वाळवायची. माझ्या प्रश्नावलीतला पहिलाच प्रश्न होता, ‘काल रात्री काय जेवलात?’ तिने तो तीनदा टाळला. चौथ्या खेपेला, सून बाजारात गेलेली असताना, तिने उत्तर दिलं. मुलगा तिला जेवायला वाढत नव्हता. पडवीत तिची वेगळी चूल होती, तिच्यावर पेज करून प्यायची. गावाला सांगायची, “मला तिखाट पचत न्हाय, म्हणून येगळं शिजवते.” सरकारी कागदावर ती मुलाच्या घरात सुखाने राहत होती, म्हणून पेन्शन नाही. मला तर घबाडच सापडलं. परवानगीच्या कागदावर तिचा अंगठा घेतला, नाव बदललं आणि लेख लिहून टाकला. नाव बदललं की माणूस लपतो, अशी आमच्या धंद्यात समजूत आहे.

आमच्यात आणखी एक रीत आहे. ज्यांच्याकडून माहिती घेतली, त्यांना काय निष्पन्न झालं ते परत जाऊन सांगायचं. मी मोठ्या हौसेने गेले. गावच्या हॉलमध्ये बरीच माणसं जमली होती, म्हातारीही आली होती. म्हातारीचा उतारा मी खास मराठीत करून नेला होता, लेखात तोच सगळ्यात जिवंत होता ना! ‘पडवीत वेगळी चूल मांडलेली, बोंबील वाळवणारी एक विधवा’ इथवर आले आणि माना तिच्याकडे वळल्या. तशी चूल गावात एकच होती. मला माना दिसल्या. तरी मी थांबले नाही. पेज, मुलगा, सगळं शेवटपर्यंत वाचलं. मुलगा दाराशीच उभा होता.

म्हातारी उठली. “ती बाय मी न्हाय,” ती मोठ्याने म्हणाली. “माझा पोरगा मला ताटात मासळी वाढतो. ही दुसऱ्या कुठल्या गावाचं सांगते.” मग माझ्याकडे वळली. “बरोबर हाय ना बाय?”

“हो,” मी म्हणाले. हॉलमध्ये कुणाचाच त्यावर विश्वास बसला नाही.

बसस्टॉपपर्यंत ती माझ्याबरोबर आली. भांडेल असं वाटलं होतं, पण आवाज अगदी हळू होता. “तुला सांगितलं व्हतं. गावाला सांगायला न्हवतं.” त्यावर मी काय केलं असेल? अंगठ्याचा कागद, परवानगी, असलं काहीतरी पुटपुटले. उतारा वाचला ही चूक झाली, पण त्या पुटपुटण्याची मला जास्त लाज वाटते.

लेख परदेशात गाजला. महिन्याभराने मी फळं घेऊन तिच्याकडे गेले. पडवी धुतलेली होती, चूल नव्हती. मुलाची अब्रू राखायला तिने स्वतःच ती काढून टाकली होती. “आता आतच जेवतात आमच्याबरोबर,” सून चहा देता देता म्हणाली. म्हातारी अंगणात वाळलेले बोंबील उतरवत होती. मनगटं काडीसारखी झाली होती. तिने एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.

गावोगाव परक्या बायकांना जो पहिला प्रश्न मी बेधडक विचारत फिरले, तो त्या अंगणात विचारायला माझी जीभ रेटली नाही. मी चहा संपवला आणि परतीची बस धरली.