रिकामा डावा कोपरा

बाळांनो, तुम्ही पाठवलेला बेसबॉलच्या जुन्या सामन्याचा व्हिडिओ मी दोनदा पाहिला. ‘आजी, तुमच्याकडे होते का असे पगारी खेळाडू?’ असं तुम्ही विचारलंत. होते. तुमचे मामाआजोबा त्यांतलेच. उन्हाळ्यात याल तेव्हा हे त्यांनाच विचाराल, म्हणून आधीच लिहिते. त्यांना विचारू नका.

आदिलाबाद तेव्हा आंध्र प्रदेशात होतं. बेल्लमपल्लीच्या अलीकडे एका लहान कोळसा खाणीच्या वसाहतीत आम्ही राहत होतो. खाणीचा बॉल बॅडमिंटनचा संघ होता. पिवळ्या लोकरीचा चेंडू, लाकडी चौकटीची, ताती ओढलेली बॅट, जाळीच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच जण. चांगलं खेळणाऱ्याला नोकरी मिळे, तीही जमिनीवरची. आधी बोथ गावाकडे दुसऱ्यांच्या शेतात राबणाऱ्या आमच्या घरातला माझा दादा, म्हणजे तुमचे मामाआजोबा, असाच लागला. खाली उतरणाऱ्यांना दिवे द्यायचे आणि वर आल्यावर परत घ्यायचे, हे त्याचं काम. स्वतः तो एकदाच खाली उतरला होता आणि ओकत वर आला होता.

संघात डाव्या कोपऱ्यात त्याचा मित्र खेळे. दोघांच्या मधे चेंडू आला की मित्र ओरडे, “सोड!” आणि दादा बिनघोर सोडून देई.

अंतिम सामन्याच्या आठवड्यातच मित्र काविळीनं गेला. बदली खेळाडू तयार होता, पण चौघांनी ठरवलं, त्याची जागा मोकळी ठेवायची. खाणीचे साहेब चिडले. “चार में खेलोगे? खेलो. हारे तो कल से सब नीचे.”

मी बायकांच्या बाजूला, त्याच कोपऱ्याजवळ बसले होते. सुरुवातीला कोणी तरी ओरडलं, “काऊन रे, पाचवा चहा प्यायला गेला का?” शेजारच्यानं त्याच्या कानात काही सांगितलं. तो खाली बसला.

चौघं विलक्षण खेळले. दादा तर सगळीकडे होता, फक्त त्या कोपऱ्यात पाय ठेवत नव्हता. तिथला चेंडू बाहेरूनच, हात लांबवून उचलायचा. गुण बरोबरीत आले. लोक तेलुगूत ‘कोट्टू, कोट्टू’ म्हणून, मार मार म्हणून, उठून उभे राहिले.

शेवटचा चेंडू डावीकडे, दादाच्या हाताच्या टप्प्यात आला. दादानं बॅट उचलली आणि खाली घेतली. चेंडू कोपऱ्यात पडला. आवाजसुद्धा झाला नाही.

घरी मायनं विचारलं, “हातातला बॉल काऊन सोडला रे?”

“त्यानं सोड म्हनलं, माय.”

 तिनं ताट वाढलं.

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. पण चेंडू हवेत असताना समोरच्या संघातल्या एका खेळाडूनं दचकून त्या रिकाम्या कोपऱ्याकडे पाहिलं होतं. ते मी पाहिलं, आणि आजवर कोणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दादा खाली उतरला. निवृत्त होईपर्यंत उतरत राहिला. भीती वाटते का, असं मी एकदा विचारलं. “एकटा नसतो ना मी,” तो म्हणाला आणि बुटांची नाडी बांधू लागला.

ती खाण बंद झाली. मैदानावर बाभळी माजल्या आहेत. त्या संघातले आता फक्त तुमचे मामाआजोबा उरले आहेत.