दोरीवरचे नऊ लंगोट

आरोग्य केंद्राच्या कागदावर तिचं पद लांबलचक होतं, पण वस्तीत सगळे तिला दोरीबाई म्हणत. कोणाच्याही दारात गेली की ती आधी माणसांकडे नाही, वाळत घातलेल्या कपड्यांकडे बघायची. काही घरांतले पुरुष त्यावरून नाराज होते. पण दोरीबाईला त्यांच्या बनियनमध्ये काडीचा रस नव्हता. ती बाळांचे लंगोट मोजायची.

ही विद्या तिला सुखासुखी आली नव्हती. नोकरीच्या पहिल्या वर्षी ती शिकवल्याप्रमाणे विचारायची, "बाळाला जुलाब झालेत का?" वस्तीभर एकच उत्तर यायचं, नाही. जुलाब म्हणजे दवाखाना, जुलाब म्हणजे आईचा हलगर्जीपणा. असली पीडा कोण आपल्या दारात बोलावून घेईल? इथल्या बाळांना फक्त दात यायचे, उष्णता व्हायची, पोट जरा सैल व्हायचं. एका पठ्ठ्याला तर दोन महिन्यांचा असल्यापासून दात येत होते, आणि तोंडात बघावं तर हिरड्या गुळगुळीत. दोरीबाई मुकाट्याने रजिस्टरात त्या घरापुढे शून्य लिहायची. बारा महिने ओळीने शून्यं भरली, तेव्हा तिला 'सर्वांत निरोगी वस्ती' म्हणून प्रशस्तिपत्र मिळालं.

त्याच महिन्यात वस्तीतल्या न्हाव्याचं पहिलं मूल जुलाबाने गेलं. आदल्या दिवशीच तिने त्या दारात विचारलं होतं. "नाही हो, दात येतायत," न्हाव्याची बायको म्हणाली होती, आणि हिने शून्य लिहिलं होतं. दोरीबाईने प्रशस्तिपत्र ट्रंकेच्या तळाशी टाकलं. ती स्वतःला बोल लावायचीच, पण मनाच्या एका कोपऱ्यात त्या बाईवरचा राग धरून होती. तिने माझ्यापासून लपवलं, असं तिला वाटे.

तेव्हापासून तिने विचारणं सोडलं आणि मोजणं धरलं. दिवसात तीनदा किंवा जास्त पातळ झालं की जुलाब, मग दुधाचे दात येवोत नाहीतर अक्कलदाढ. नुसत्या शूचे लंगोट ती धरायची नाही. पिवळा डाग राहिलेला लंगोट तिला रस्त्यावरून ओळखू यायचा. माणूस खोटं बोलेल, दोरी बोलायची नाही, असं ती ठासून सांगायची.

दोरीसुद्धा एकदा खोटं बोलली. न्हाव्याला तोवर मुलगी झाली होती. एका सकाळी त्याच्या दोरीवर डागाळलेली चौदा फडकी दिसली आणि दोरीबाईने पिशवीत हात घातला. औषधी मीठ-साखरेची पाकिटं घेऊन ती "चौदा झालेत, चौदा!" असं ओरडत थेट त्याच्या दुकानात घुसली. न्हावी वस्तरा तसाच हातात धरून म्हणाला, "बाई, ही गिऱ्हाइकांची तोंडं पुसायची फडकी आहेत." खुर्चीतल्या गिऱ्हाइकाने तोंडाला लावलेल्या फडक्याकडे एकदा बघितलं आणि अर्धी दाढी घेऊन तो निघून गेला. पुढचे आठ दिवस दुकानात माशीही फिरकली नाही. सगळी वस्ती हसली. न्हाव्याची बायको तेवढी हसली नाही. मुलीला कडेवर घेऊन ती म्हणाली, "येत जा, बाई. फडकी असली तरी येत जा."

दोरीबाईच्या स्वतःच्या घरी सून होती आणि आठ महिन्यांचा नातू. सून धुणं वाळत घालायच्या आत ही बाहेर पडायची आणि घड्या झाल्यावर परतायची. रजिस्टरात आपल्या घरापुढे ती सकाळी निघतानाच शून्य लिहून टाकायची. घरचंच तर आहे, त्यात काय बघायचं?

एक दिवस लिहिण्यावाचण्याचा चष्मा विसरला म्हणून ती भरदुपारी घरी आली. दोरीवर नऊ लंगोट होते, सगळे डागाळलेले. दोरीबाईच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"अगं, साबण जरा जास्त लाव. डाग निघालेले नाहीत."

"लावला हो. सकाळपासून पातळच होतंय. दात येतायत ना त्याला."

"येणारच. आठ महिन्यांचा झालाय. त्याच्या बापानेही दात येताना असंच हैराण केलं होतं मला." आणि चष्मा घेऊन ती निघाली, लोकांच्या दोऱ्या मोजायला.

कोपऱ्यावर न्हाव्याची बायको हातात रिकामी बादली घेऊन धावत तिच्याकडेच येत होती.

"बाई, तुमच्या दोरीवर नऊ आहेत."

"काही नाही गं, त्याला दात..." वाक्य अर्धं टाकून दोरीबाई मागे वळली.

दोघी पळत घरी आल्या. बाळ किरकिरत होतं, पण डोळ्यांत टिपूस नव्हता. दोरीबाईने त्याच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. घडी लगेच मोडेना; अंगातलं पाणी आटलं होतं. शेकडो पोरांची पोटं तपासलेल्या बाईला साधं पाकीट फाडता येईना. न्हाव्याच्या बायकोने ते दातांनी फाडलं, लिटरभर पाणी मोजून घेतलं आणि चमचा सुनेच्या हातात दिला. वाटेत चमचा चमचा पाजत त्यांनी बाळाला केंद्रात नेलं.

"केव्हापासून आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"त्याला दात..." सून म्हणाली.

"जुलाब आहेत," दोरीबाई म्हणाली. "सकाळपासून नऊ वेळा."

डॉक्टरांनी नीट तपासलं. वेळेत आणलंत, म्हणाले, आणि समोर बसवून पाजायला लावलं. दोरीबाईने देवाला काय काय कबूल केलं ते तिलाच ठाऊक. दिवस मावळताना नातवाने आजीच्या मांडीवरून धार सोडली ती थेट उघड्या रजिस्टरवर. कोणाच्या शूचा माणसाला एवढा आनंद होऊ शकतो, हे तिला माहीत नव्हतं. ती हसायला लागली आणि हसता हसता रडली.

न्हाव्याच्या बायकोने खांद्यावरचं फडकं पुढे केलं. ते दुकानातलंच होतं.

पान टिपता टिपता दोरीबाई म्हणाली, "तू लपवलं नव्हतंस."

"नाही," ती म्हणाली. "मला खरंच दात वाटले होते."

"मलाही."

 दोरीबाईने पेन काढलं, शाई पसरलेल्या पानावर आपल्या घरापुढचं शून्य खोडलं आणि नऊ लिहिले.