मिठाचा हात

गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंनी बायकांच्या मोबाइल गटावर कार्टूनचा व्हिडिओ टाकला, तेव्हा आम्ही आमच्या दांडी गावच्या किनाऱ्यावर बोंबील वाळत घालत होतो. चारचौघींत मोबाइलचा आवाज मोठा करायची मला लाज वाटते. म्हणून आवाज बंद करूनच पाहिला. एक बाहुली पाण्यात साखर टाकते, तीन बोटांनी मीठ टाकते, ढवळते आणि बाळाला पाजते. एवढंच मला कळलं.

दोन दिवसांनी मोठ्या जावेच्या अकरा महिन्यांच्या मुलाला पहाटेपासून जुलाब लागले. पुरुष समुद्रात. पाण्यात कालवून द्यायच्या दवाखान्याच्या पुड्या संपलेल्या. दुपारपर्यंत पोर मऊ फडक्यासारखं झालं.

"आय, साखर-मिठाचं पाणी देतात. त्या व्हिडिओत हाय," मी सासूला हळूच म्हटलं.

"आता बाहुली आमाला पोरं वाढवायला शिकवणार!" ती म्हणाली. पण तांब्या तिनंच भरला. "मीठ किती गो?"

"तीन बोटांची चिमूट."

सासूचा जन्म मासे खारवण्यात गेला. तिच्या तीन बोटांत माझ्या मुठीएवढं मीठ येतं. तांब्यात पडलेलं मी पाहिलं. जास्त वाटलं, पण तोंड उघडलं नाही. तिच्या हाताला मी काय सांगणार?

मागल्या दारी आले तरी जीव थाऱ्यावर येईना. आवाज लावून मोबाइल कानाशी धरला. बाहुली बोलत होती. पाजण्याआधी स्वतः चाखा. अश्रूंपेक्षा खारट लागलं तर ओतून द्या, जास्त मीठ बाळाला घातक आहे. बाळ रडताना डोळ्यांत पाणी नसेल तर लगेच दवाखाना गाठा.

मी धावत आत आले. जावेच्या मांडीवर पोर, सासूच्या हातात वाटी. एक चमचा गेला होता, दुसरा ओठांशी होता.

"थांबा!"

घरात एवढ्या मोठ्यानं मी कधी बोलले नव्हते. वाटी हिसकावून पाणी जिभेवर घेतलं. तोंड खारं झालं. सगळं पाणी मी मोरीत ओतलं.

"येड लागलं काय तुला?" सासू उठली. "पोर सुकतंय नि पाणी फेकतेस?"

"मीठ जास्त झालंय, आय. चूक माझी हाय. मी अर्धंच सांगितलं."

एक लिटरची बाटली घेतली. उकळून गार केलेल्या पाण्यात साखरेचे सहा सपाट छोटे चमचे, मिठाचा अर्धा. व्हिडिओ थांबवत थांबवत, बाहुलीनं सांगितलेल्या मापानं मी मोजलं. चाखलं. मग जावेनं चाखलं.

पोर रडलं. बारीक, कोरडं. डोळ्यांत थेंब नव्हता.

"वैनी, रिक्षा बोलवा. आताच."

तारापूरच्या रस्त्याला बाटलीतलं पाणी पाजताना प्रत्येक खड्ड्यावर चमचा सांडत होता. सासू पुढं वाकून पोराचं डोकं धरून बसली होती. दवाखान्यात सिस्टरला मी सगळं सांगितलं, मिठाचंही. त्यांनी सलाईन लावलं.

संध्याकाळी माझ्या मांडीवर ओल पसरली. पोरानं सकाळपासून पहिल्यांदा लघवी केली होती. जाव तोंडाला पदर लावून रडायला लागली. मी तशीच बसून राहिले, हलले नाही.

सासू कधीची आपला उजवा हात मांडीवर उताणा ठेवून बसली होती.

"लाव गो ती बाहुली," ती म्हणाली. "मोठ्यानं लाव. सगळं ऐकू दे."

बाकावरच्या बाया माझ्याकडे बघत होत्या. मी आवाज वाढवला.