दादाला सगळ्यांच्या आधी कळलेला सिनेमा

"गो बाय, दादा गेलो..." कट्टा गावाहून दादाच्या शेजारणीचा फोन आला तेव्हा मी मिठबावला पडवीत आंबे निवडत होते. त्याला दीड महिना झाला. रडून झालं, राग मात्र जात नाही.

वसंतदादा माझा थोरला भाऊ. जन्मापासून बहिरा. कट्ट्याला शिंपीकाम करायचा, पण त्याच्या हातचे कपडे घालणारेही त्याला 'मुको' म्हणायचे. सिनेमा बघताना तो मला सारखा कोपराने ढोसायचा, हा काय म्हणाला, ती का रडते? मी अर्धंमुर्धं खुणेने सांगायचे. मग एका रविवारी दुपारी शेजाऱ्यांकडे भाड्याच्या व्हीसीआरवर इटालियन लोकांनी काढलेला तो बंदूकवाल्या घोडेस्वारांचा सिनेमा लागला. बोलणं इंग्रजी, तेही मोजकंच. कोणालाच काही कळेना. दादा मात्र उठून हातवारे करू लागला: हा घाबरलाय, घाम बघा; हा तिसरा दोघांनाही फसवणार... आणि झालंही तसंच!

"ह्या मुक्याक कसा कळला रे?" शेजारचे आबा ओरडले.

"तो डोळे वाचता," मी म्हटलं.

पुढे कितीतरी वर्षं दादा तोच सिनेमा बघत राहिला. मोबाइल आल्यावर तर रोज, जेवणानंतर. लोक हसायचे. त्या चेहऱ्यांत त्याला दर वेळी नवं काही दिसायचं, आणि तिथे त्याला कोणाला कोपराने ढोसावं लागत नव्हतं, हे हसणाऱ्यांना कुठून कळणार?

गेल्या वर्षी कट्ट्याच्या वाचनालयाने तोच सिनेमा मोठ्या पडद्यावर लावला. दादा इस्त्रीचा शर्ट घालून तासभर आधी पहिल्या रांगेत जाऊन बसला. वाचनालयाचे कार्यवाह आले. "यांना कुठे ऐकू येतंय? पाहुण्यांना बसू द्या," म्हणत त्यांनी त्याला उठवून खांबाआड बसवलं. तो त्यांच्या तोंडाकडे बघत होता; सगळं समजला. सिनेमा सुरू व्हायच्या आतच निघून गेला. त्यासाठी मिठबावहून आलेली मी तिथेच होते. चारचौघांत तमाशा नको म्हणून गप्प बसले. ऐकू येणारी, बोलता येणारी मी!

शोकसभेत तेच कार्यवाह म्हणाले, "एक मूक रसिक हरपला." मी उभी राहिले. "रसिक होतो, तर खांबाआड कित्याक बसयलात?" पण माझं हे बोलणं वर्षभर उशिराचंच.

परवा मी दादाचं शिंप्याचं दुकान उघडलं. मागून आलेलं गिऱ्हाईक दिसावं म्हणून दादाने मशीनच्या वर आरसा लावला होता. मी मशीन पुसत असताना आरशात एक बाई दारात उभी दिसली. तिने हाक मारली नाही. सवयीने आरशाकडे बघून हात वर केला... आणि मला बघून हळूच खाली घेतला.