पैनगंगेकडून येणारा वारा

"किती वं, सुमे?" यशवंतभाऊनं मला विचारलेला हा शेवटचा प्रश्न. "चवदा," मी म्हटलं. त्याच दुपारी आदिलाबादच्या दवाखान्यात माझ्या या थोरल्या भावाचा श्वास थांबला. सव्वा महिना झाला. लोक भेटायला येतात, म्हणतात, "सुमनबाई, तुमी नशीबवान, भावाची शेवटपर्यंत सेवा केली." मी चहाच्या निमित्तानं आत निघून जाते. कारण ते चवदा खोटं होतं... आणि तेवढं एकच खोटं नव्हतं.

भाऊ आदिलाबादकडच्या बेला गावाच्या बाजूचा भूगोलाचा मास्तर, गावात 'हवावाले सर'. दहा मिनिटांच्या वाटेवर आमचं शेत. तिथल्या बांधावर त्यानं सुताराकडून फटींची पांढरी लाकडी पेटी करवून खांबावर बसवली होती. नव्या माणसाला वाटायचं, मधमाश्या पाळल्यात. आत तापमापक. रात्री पारा जिथवर उतरतो, तिथं एक बारीक लोखंडी खूण अडकून राहते. सकाळी ती वाचायची, चुंबक फिरवून परत पाऱ्याला भिडवायची, आणि घरी येऊन आकडा वहीत मांडायचा. चुंबक नाही फिरवलं तर खूण वर येत नाही, त्याहून गार पहाट आली तरच आणखी खाली सरकते. ते चुंबक त्याच्या खाटेच्या वर खिळ्याला सुतळीनं टांगलेलं असे. वहीचा नियम पोरांना शिकवला तोच: खात्रीचं असेल ते पेनानं, शंकेचं पेन्सिलीनं. मी कितीदा म्हटलं, "मोबाइलवर सगळं दिसते ना भाऊ!" तर म्हणे, "थे आदिलाबादचं. आपल्या शिवाराचं कोन सांगन?"

थंडी इथं पिकत नाही, ती येते, असं तो चहाच्या टपरीवर बसून सांगायचा. विमानं उडतात त्या उंचीवर पश्चिमेकडून हवेची एक मोठी नदी वाहते, तिला वळणं पडतात. एखादं वळण दक्षिणेला झुकलं की तिकडे हिमालयात बर्फ पडतो. ढग पुढं सरकले की मागून उत्तरेची कोरडी गार हवा सुटते, ती नागपूर-यवतमाळ करत पैनगंगा ओलांडते आणि आमच्या कपाशीत शिरते. आभाळ मोकळं असलं तर जमिनीची ऊबही वर निघून जाते, म्हणून पहाट आणखी गार. पण बंगालच्या उपसागराकडून ढग आले की तीच थंडी दोन दिवसांत पळते. कधी प्रशांत महासागराचं पाणी गार पडतं, तर त्याचाही इकडे धक्का पोचतो, "पन दर साली जमतेच असं नाई," हेही तो लगेच जोडायचा. टपरीवाला विचारी, "सर, समुद्राले सर्दी झाली त खोकला आमाले काऊन?" सगळे खिदळायचे, भाऊही. पण वारा पैनगंगेकडून फिरला आणि आकडा घसरू लागला की तो गल्लोगल्ली सांगत सुटे, "बकऱ्यायची पिल्लं आत घ्या रे!" आणि खिदळणारेच मुकाट पिल्लं आत घ्यायचे.

मग दम्यानं त्याला खाटेला बांधलं. मी उटनूरहून, तहसिलीतल्या कारकुनीतून सुटून, त्याच्याकडे राहायला आले होते. म्हटलं, आकडा वाचायला मी जाते. दोन महिने इमानानं गेले. मागच्या वर्षीच्या सहा डिसेंबरला पहाटेच विहारात जायचं होतं, पांढरं लुगडं नेसलेली, त्यात गुडघा धरलेला. ओसरीवर एक साधं तापमापक टांगलेलं आहे, भिंतीच्या उबेला. ते पाहिलं आणि आत येऊन आकडा सांगून टाकला. दुसऱ्या दिवशीही तेच. दोन-चार डिग्रीनं काय आभाळ कोसळते? जन्मभर दुसऱ्यांच्या खोट्या नोंदी पकडणारी बाई मी! लाज वाटते लिहिताना.

त्या जानेवारीत एका सकाळी भाऊ म्हणाला, "वारा पैनगंगेकडचा हाय काय वं? नाकाले लागून राह्यला." मी म्हटलं, "अकरा आहे. झोप गुमान." त्यानं वही ओढली. दुसऱ्या सकाळी शेजारच्या कमलाबाईची तीन पिल्लं अंगणात आखडून मेलेली. ती दारात येऊन रडली, "सर, तुमी सांगतलं नाई ह्या टायमाले!" भाऊ म्हणाला, "चुकलं बाई माझं." माझं नव्हे, त्याचं. पुढं टपरीवरून कोणी थंडीचं विचारायला आलं की म्हणे, "मले नाई मालूम." मला वाटलं, म्हातारपणानं उमेद गेली...

परवा त्याच्या खाटेवर बसून वही उघडली. पानंच्या पानं निळी शाई. पाच डिसेंबर, शाई. सहा डिसेंबर, पेन्सिल. तिथून पुढं सगळं पेन्सिलीनं, शेवटच्या चवदापर्यंत. त्याला पहिल्याच दिवशी कसं कळलं? मान वर केली तर डोळ्यांसमोर खिळ्याला ते चुंबक. बांधावर जाणारीनं ते बरोबर न्यायला नको? वर्षभर रोज सकाळी मी आकडा सांगत होते आणि तो त्या चुंबकाकडे पाहत होता. एका शब्दानं बोलला नाही रे! शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

चुंबक मुठीत घेऊन तडक बांधावर गेले. पेटी उघडली. खूण पाचावर होती. त्या अख्ख्या वर्षातली सगळ्यात गार पहाट तिथं तशीच अडकून बसलेली. ती पिल्लांचीच असणार, असं मन म्हणतं. पण छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. चुंबक फिरवलं की ती पुसली जाणार. हात होईना. काल परत गेले, तशीच माघारी आले.

आज उठले, आधी वही घेतली. पेन्सिलीचं काही खोडलं नाही. खाली नवी ओळ पेनानं लिहिली: 'किमान पाच. कोणत्या पहाटेचं, सांगता येत नाही. मी गेले नव्हते. – सुमन.' मग खिळ्यावरचं चुंबक काढलं आणि बांधाकडे निघाले.